गाव महापालिकेच्या हद्दीत जाताना : वाचकांचे प्रश्न

महापालिकांच्या हद्दवाढीविषयी आलेल्या पत्रांतील बरेच प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्याने सारखे प्रश्न एकत्र करून येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे आणि गावे वगळली आहेत.

प्रश्न : आमचे गाव शेजारच्या महापालिकेत समाविष्ट करण्याची प्रारूप अधिसूचना निघाली आहे. ग्रामसभेने एकमताने विरोधाचा ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांना सादर केला. आता गाव जाणार नाही, असे सरपंच ठामपणे सांगतात. हे कितपत खरे आहे?
(ग्रामपंचायत सदस्य)

सरपंचांची कळकळ समजण्यासारखी आहे, परंतु त्यांचे म्हणणे कायद्याला धरून नाही. महापालिकेची हद्द वाढवण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ३ नुसार राज्य सरकारचा आहे. त्यासाठी सरकारवर मुख्यतः दोन बंधने आहेत. पहिले म्हणजे संबंधित महापालिकेशी विचारविनिमय करणे आणि दुसरे म्हणजे अंतिम अधिसूचनेपूर्वी प्रारूप प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवणे. ग्रामसभेची संमती ही या कलमातील अट नाही. ठरावाला राजकीय वजन जरूर असते, आणि कित्येकदा तेच निर्णायक ठरते. पण ठराव म्हणजे नकाराधिकार नव्हे.

कल्याण महापालिकेत उल्हासनगरचा समावेश करण्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये हा मुद्दा स्पष्ट केला. प्रारूपात असलेले उल्हासनगर अंतिम अधिसूचनेतून वगळण्यात आले होते आणि त्याविरुद्ध दाद मागण्यात आली होती. हद्द ठरवणे हे विधिस्वरूपाचे, म्हणजे कायदा करण्यासारखे काम असल्याने त्याला नैसर्गिक न्यायाची तत्त्वे जशीच्या तशी लागू होत नाहीत, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजेच प्रत्येक रहिवाशाला समोर बसवून त्याचे म्हणणे ऐकून घेण्याचा हक्क येथे आपोआप मिळत नाही. म्हणूनच कायद्याने दिलेली लेखी हरकतीची एकमेव संधी वाया जाऊ देऊ नये.

अशी मुदत बहुधा तीस दिवसांची असते, तरी अधिसूचनेत छापलेला दिनांकच प्रमाण मानावा. आता हरकत कशी लिहावी हे थोडे तपशिलाने सांगतो, कारण या पत्रांसोबत आलेल्या हरकतींच्या प्रती वाचून मन खट्टू झाले. एका प्रतीत शंभराच्या वर सह्या आहेत आणि मजकूर एवढाच : "आमच्या गावाची संस्कृती नष्ट होईल, तरी आमचा तीव्र विरोध आहे." छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याला अशा अर्जासमोर "नोंद घेतली" असे लिहून पुढे जाता येते. याउलट दुसऱ्या एका वाचकाने लिहिले आहे की, गावाची नळपाणी योजना अमुक वर्षी पूर्ण झाली, तिच्यातून एक दिवसाआड पाणी येते, महापालिकेची सर्वांत जवळची जलवाहिनी गावापासून चार किलोमीटरवर थांबलेली आहे आणि ती पुढे आणण्याची तरतूद चालू अंदाजपत्रकात नाही. मग समावेशानंतर पाणी कोण देणार? या अर्जाला उत्तर द्यावेच लागते, निदान ते न दिल्याचे पुढे न्यायालयात दाखवता तरी येते.

१ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने मोठे नागरी क्षेत्र ठरवताना कोणत्या गोष्टी पाहायच्या ते सांगितले आहे : लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक प्रशासनाला मिळणारा महसूल, शेतीबाहेरील रोजगाराचे प्रमाण आणि आर्थिक महत्त्व. हरकत या निकषांना धरून लिहावी. गावातील किती कुटुंबे आजही शेतीवर अवलंबून आहेत, किती क्षेत्र ओलिताखाली आहे, वस्ती किती विरळ आहे, ही माहिती ग्रामपंचायतीच्या आणि तलाठी कार्यालयाच्या दप्तरात असते. ती सोबत जोडावी आणि अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी.

दुसऱ्या बंधनाइतकेच पहिल्याकडेही लक्ष ठेवावे. कल्याण-डोंबिवली महापालिकेतून १८ गावे वेगळी काढण्याचा २०२० मधील निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला, तो महापालिकेशी कायद्याला अपेक्षित असलेला विचारविनिमय झाला नव्हता या कारणावरून. गावाला काय हवे आहे हा प्रश्न तेथे निर्णायक ठरला नाही. महापालिकेवर प्रशासक असताना सर्वसाधारण सभेचे अधिकारही तोच वापरतो. अशा काळात हा विचारविनिमय म्हणजे सरकारने स्वतःच्याच अधिकाऱ्याला विचारण्यासारखे होते, असे माझे स्पष्ट मत आहे आणि हरकतीत ते नोंदवण्यास काहीच हरकत नाही.

प्रश्न : २०१५ मध्ये आम्ही गावात सदनिका घेतली. इमारतीला ग्रामपंचायतीची परवानगी होती आणि घरपट्टी नियमित भरत होतो. गाव महापालिकेत गेल्यावर आलेले बिल पूर्वीच्या कित्येक पट आहे आणि त्यात "अनधिकृत" असा शेरा मारून शास्ती (दंडात्मक आकारणी) लावली आहे. पाणी मात्र अजूनही टँकरचेच. हा अन्याय नाही का?
(सदनिकाधारक)

या बिलात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. त्या आधी सुट्या करू.

पहिली गोष्ट म्हणजे कराचा दर. नव्याने समाविष्ट झालेल्या भागावर शहराचा पूर्ण मिळकतकर पहिल्याच दिवशी लादू नये, तो टप्प्याटप्प्याने वाढवत न्यावा, अशी व्यवस्था महापालिका अधिनियमाच्या कलम १२९-अ मध्ये आहे. आपल्या बिलावर कोणत्या वर्षासाठी किती टक्के आकारणी झाली आहे ते पाहा. तो तपशील नसेल तर कर आकारणी विभागाकडे लेखी मागा. पुण्यासारख्या ठिकाणी मालक स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत मिळते, पण त्यासाठी पीटी-३ हा अर्ज पुराव्यांसह भरावा लागतो. समाविष्ट गावांतील अनेकांना या अर्जाची कल्पनाच नसते, कारण ग्रामपंचायतीत असे काही भरावे लागत नव्हते. पुण्याच्या समाविष्ट गावांतील वाढीव कराच्या वसुलीला राज्य सरकारने २०२४ मध्ये स्थगिती दिली होती, हेही लक्षात ठेवावे. मात्र स्थगिती म्हणजे माफी नव्हे. ती उठल्यावर थकबाकी अंगावर येऊ शकते, म्हणून निदान वादात नसलेली रक्कम भरून पावती जपणे शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट शास्तीची, आणि खरी मेख येथे आहे. कलम २६७-अ नुसार अनधिकृत बांधकामावर मिळकतकराच्या दुपटीइतकी शास्ती लावता येते. म्हणजे मूळ कर धरून एकूण आकारणी तिप्पट होते. आपण म्हणाल की परवानगी तर होती. पण कोणाची? ग्रामपंचायतीने गावठाणाबाहेर दिलेली परवानगी बहुतेक प्रकरणांत नियोजनाच्या कायद्यापुढे टिकत नाही, कारण तेथे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा नियोजन प्राधिकरणाचा होता. सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या सह्यांचा, गोल शिक्क्याचा "ना हरकत दाखला" दाखवून विकासकाने सदनिका विकल्या, बँकेने कर्ज दिले, दुय्यम निबंधक कार्यालयाने दस्त नोंदवला, आणि यांपैकी कोणीही त्या दाखल्याचा अधिकार तपासला नाही. गाव शहरात गेल्यावर हा जुना दोष उघडा पडतो. हद्दवाढीने तो निर्माण केलेला नसतो, पण त्याचे बिल रहिवाशाच्या हाती पडते, ही वस्तुस्थिती आहे.

आपल्या इमारतीच्या जागेचा बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा आणि जोते तपासणी किंवा भोगवटा प्रमाणपत्र यांपैकी काय उपलब्ध आहे ते सोसायटीने एकत्रितपणे शोधावे. यांतील एक-दोन कागद जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगररचना शाखेत सापडतात आणि मग शास्ती काढून घेण्याचा अर्ज भक्कम होतो. बांधकाम नियमात बसवता येण्यासारखे असेल तर नियमितीकरणाचा मार्ग आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये शास्तीविरुद्धचे आंदोलन वर्षानुवर्षे चालले आणि अखेर २०२३ मध्ये ती माफ झाली. तथापि तो सरकारचा स्वतंत्र निर्णय होता, त्याचा लाभ दुसऱ्या महापालिकेत आपोआप मिळत नाही.

टँकरविषयी आपला संताप रास्त आहे. पाणी येत नाही म्हणून मिळकतकर भरणार नाही, हा युक्तिवाद मात्र चालत नाही, कारण सर्वसाधारण कर हा विशिष्ट सेवेचा मोबदला मानला जात नाही. जी सेवा दिलीच जात नाही तिच्यासाठी आकारलेली पाणीपट्टी किंवा मलनिस्सारणाचा आकार यांना वेगळी हरकत घेता येते आणि ती घ्यावी.

प्रश्न : आमची साडेतीन एकर बागायत जमीन आहे. गाव महापालिकेत गेल्यावर जमीन आपोआप एनए (बिगरशेती) होते असे काही जण सांगतात, तर काही जण म्हणतात की आरक्षण पडून ती कवडीमोलाने जाईल. एक मध्यस्थ आत्ताच गुंठ्या-गुंठ्याने विकण्याचा आग्रह करत आहे. काय करावे?
(शेतकरी)

मध्यस्थाला आधी घरी पाठवा. आपोआप एनए होते हे खरे नाही. हद्द बदलल्याने जमिनीचा वापर बदलत नाही, सातबारा रद्द होत नाही आणि जमीन कोणत्या विभागात आहे हे नवा विकास आराखडा मंजूर होईपर्यंत आधीच्या प्रादेशिक योजनेवरून ठरते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. असे तुकडे पाडून विकणे हे १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याशी थेट संबंधित आहे. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाखाली नियमितीकरणाची सोय ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला आहे. आज नव्याने पाडलेला तुकडा त्या मुदतीत बसत नाही, आणि उद्या घेणाऱ्याचे घर अडकले की तो आपल्याच दारात येणार.

आरक्षणाची भीती निराधार नाही, पण तिचे रूप समजून घ्यावे. समाविष्ट क्षेत्रासाठी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार स्वतंत्र आराखडा तयार होतो. प्रारूप आराखडा कलम २६ खाली प्रसिद्ध झाला की तीस दिवसांत हरकत द्यावी लागते. ही मुदत हद्दवाढीच्या हरकतीच्या मुदतीपेक्षा वेगळी असते, आणि बहुतेकांची चूक येथेच होते : एकदा अर्ज दिला म्हणून ते निश्चिंत बसतात. आराखड्याच्या नकाशावर आपला गट क्रमांक शोधा, त्यावरून जाणारी रस्त्याची रेषा किंवा रंगवलेला चौकोन कशासाठी आहे ते सोबतच्या तक्त्यात पाहा, आणि शक्य असल्यास पर्यायी जागा सुचवा. शेजारची सरकारी गायरान जमीन मोकळी सोडून बागायतीवर उद्यान टाकले असेल, तर ते नकाशावरच दाखवून देता येते.

आरक्षण पडले आणि महापालिकेने जागा ताब्यात घेतलीच नाही, तर मंजूर आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांनी कलम १२७ खाली महापालिकेला खरेदी-सूचना, म्हणजे जागा विकत घ्या अशी नोटीस, देता येते. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची कार्यवाही सुरू न झाल्यास आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. दहा वर्षे आणि वर दोन, म्हणजे एका पिढीची उमेद. पण हा हक्क आहे आणि सूचना रीतसर दिली नाही तर तो वापरता येत नाही.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांना फारशी कोणी सांगत नाही. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात जमिनीच्या बाजारमूल्याला एका गुणांकाने गुणले जाते आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. हा गुणांक ग्रामीण क्षेत्रासाठी एक ते दोन या मर्यादेत सरकार ठरवते. नागरी क्षेत्रासाठी तो १ असतो, म्हणजे बाजारमूल्य वाढत नाही. आपल्या शिवारातून कालवा जाण्याची शक्यता असेल, तर संपादनाची सुरुवात हद्दवाढीपूर्वी झाली की नंतर, यावर मोबदल्यात मोठा फरक पडू शकतो. शहरात गेल्याने जमिनीचा बाजारभाव चढतो हे जितके खरे, तितकाच हा गुणांकही खरा आहे.

प्रश्न : समावेशानंतर नमुना ८ चा उतारा कोठे मिळेल? आणि रोजगार हमीची कामे चालू राहतील का?
(महिला बचत गटाची सदस्य)

येथे नावाचा घोळ होतो. शेतजमिनीचा गाव नमुना ८-अ हा महसूल खात्याचा उतारा आहे, तो पूर्वीप्रमाणेच मिळतो. घरांच्या कर आकारणीचा नमुना ८ ग्रामपंचायतीचा होता. ते दप्तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाकडे वर्ग होते. वर्ग होताना पाने गहाळ झाल्याच्या तक्रारी नेहमीच्या असल्याने, आपल्या घराचा शेवटचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या आणि जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या प्रमाणित प्रती ग्रामसेवक कार्यालयात असेपर्यंतच काढून घ्या. ग्रामीण रोजगार हमीची कामे महापालिका हद्दीत मिळत नाहीत, आणि घरकुलासाठीही ग्रामीण योजनेऐवजी नागरी योजनेत नव्याने अर्ज करावा लागतो. आपल्या गटातील ज्या भगिनींची नावे प्रतीक्षा यादीत आहेत, त्यांच्याविषयी पंचायत समितीत आजच चौकशी करावी.

प्रश्न : मी जुन्या शहरात राहतो. आमच्याच रस्त्यांना खड्डे असताना आमच्या करातून आजूबाजूची गावे का पोसायची? गावेही यायला तयार नाहीत. मग हा अट्टहास कशासाठी?
(करदाता)

प्रश्न रोखठोक आहे आणि त्यात तथ्यही आहे. सोलापुरात १९९२ मध्ये अकरा गावे हद्दीत आली. त्यांना आजही बोलीभाषेत "हद्दवाढ भाग" म्हणतात, आणि पाणी व ड्रेनेजच्या तक्रारींत हा शब्द हमखास येतो. तीन दशकांनंतरही एखाद्या वस्तीची ओळख तिच्या समावेशावरून होत असेल, तर समावेश कागदावरच झाला असे म्हणावे लागते. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि ३० जून २०२१ रोजी आणखी २३ गावे घेतली गेली, क्षेत्रफळाने ही महापालिका मुंबईच्याही पुढे गेली. पण नंतरच्या २३ गावांचे नियोजन प्राधिकरण म्हणून पीएमआरडीएचीच (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) नेमणूक झाली. रस्त्याची तक्रार एका दारात आणि बांधकामाचा नकाशा दुसऱ्या दारात, अशी विभागणी झाली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आला. त्यामुळे या गावांनी सरपंच गमावला आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत त्यांना नगरसेवकही मिळाला नाही. पोसले जाण्याची ही रीत असेल, तर गावांनी नको म्हटल्याचे नवल वाटू नये.

पण हिशेबाची दुसरी बाजू आपण सोडून दिली आहे. पुण्याचा कचरा अनेक वर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर पडत होता, तेव्हा ही गावे शहराच्या हद्दीत नव्हती. विहिरींचे पाणी त्यांचे नासले आणि कर शहराने घेतला. दुसरीकडे, शहरालगतच्या मोठ्या गृहप्रकल्पांतील रहिवासी दररोज शहराचे रस्ते, रुग्णालये आणि बाजार वापरतात, पण त्यांच्या घरपट्टीतून शहराला काही मिळत नाही. कोण कोणाला पोसते, हे हद्दीच्या रेषेवरून ठरत नाही.

हद्द न वाढवल्याने प्रश्न सुटतो असेही नाही. कोल्हापूरची महापालिका १९७२ मध्ये झाली आणि पुढची पाच दशके हद्द तीच राहिली. शहरवासीयांनी हद्दवाढीसाठी आणि गावांनी तिच्याविरुद्ध, अशी दोन्ही बाजूंनी आंदोलने झाली. तडजोड म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांसह प्राधिकरण नेमण्यात आले. गावांना ग्रामपंचायत टिकवता आली, पण बांधकामाच्या परवानगीचा अधिकार गेला आणि त्या बदल्यात विकासाची कामे दिसेनात, ही तेथील ग्रामस्थांची मुख्य तक्रार आहे.

प्रश्न : आमचे गाव समाविष्ट होऊन काही वर्षे झाली. सुविधा नाहीत, कर मात्र वाढला. महापालिकेतून पुन्हा बाहेर पडता येते का?
(माजी उपसरपंच)

कायद्याने येते. ज्या कलमाने हद्द वाढते त्याच कलमाने ती कमीही होते. पुण्यात १९९७ मध्ये घेतलेल्या ३८ गावांपैकी काही पुढे वगळली गेली. कल्याण-डोंबिवलीची २७ गावे १९८३ मध्ये आत आली, २००२ मध्ये बाहेर गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत आली. मग त्यांतील १८ बाहेर काढण्याचा निर्णय न्यायालयात पडला, हे वर आलेच आहे. वसई-विरारमधील २९ गावे वगळण्याचा २०११ चा निर्णय वर्षानुवर्षे न्यायालयात अडकला. एवढ्या ये-जा करण्यात कोणाची गटारे बांधून झाली, हे त्या गावांनाच विचारावे.

फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०१७ मध्ये पुण्यात आली आणि वाढीव कराविरुद्ध मोठा असंतोष झाल्यानंतर २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगर परिषद झाली. या उदाहरणाने आपल्यासह अनेकांच्या आशा पल्लवित झाल्या आहेत. परंतु ही गावे ग्रामपंचायतीकडे परत गेली नाहीत, हे ध्यानात घ्यावे. नगर परिषदेसाठी १९६५ च्या अधिनियमात सर्वसाधारणपणे २५ हजारांहून अधिक लोकसंख्या आणि शेतीबाहेरील रोजगाराचे किमान ३५ टक्के प्रमाण अपेक्षित आहे. तेवढी वस्ती नसलेल्या एकट्या गावाला हा मार्ग मिळणे कठीण, त्याला शेजारच्या गावांना सोबत घ्यावे लागेल.

वेळेचेही भान ठेवावे. २०२७ च्या जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी १ जानेवारी २०२६ ते ३१ मार्च २०२७ या काळासाठी गोठवण्यात आल्या आहेत, त्यामुळे या अवधीत कोणी "पुढच्या महिन्यात गाव बाहेर काढतो" असे आश्वासन देत असेल तर त्यावर विसंबू नये. तोपर्यंत समावेशापासून आजवर गावातून किती मिळकतकर जमा झाला आणि गावावर किती खर्च झाला, याची वर्षवार माहिती माहितीच्या अधिकारात मागवून घ्यावी. त्याच अर्जात मंजूर असूनही न झालेल्या कामांची यादी मागावी. आपली बाहेर पडण्याची मागणी आणि आत राहून सुविधा मिळवण्याची मागणी, या दोन्हींना तोच कागद लागणार आहे.